कर्ता, क्रियापद आणि एक छोटासा 'एस'



सहामाही परीक्षेच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका या वेळी मी आठवी ते दहावीच्या शिक्षकांबरोबर बसून पाहिल्या. मुलांचे विचार चांगले आहेत, शब्दही पूर्वीपेक्षा जास्त आहेत. पण गुण जातात ते बहुतेक एकाच प्रकारच्या चुकीत. 'अवर टीचर टीच अस', 'ही हॅव टू सिस्टर्स', 'वन ऑफ माय फ्रेंड्स आर इल'. व्याकरणात याला कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ म्हणतात. केंद्रीय मंडळाच्या नववी-दहावीच्या इंग्रजी अभ्यासक्रमात हा मुद्दा नाव घेऊन दिलेला आहे, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेतही तो विचारला जाणारच.

त्यानंतर झालेल्या पालक सभेत या चुकांवर बरीच चर्चा झाली. काही पालकांनी सुचवले की घरी मराठी बोलल्यामुळे असे होते, तेव्हा आम्ही घरी इंग्रजीच सुरू करतो. दुसरी सूचना अशी की, सहावीपासून मराठीचे दोन तास कमी करून ते इंग्रजी व्याकरणाला द्यावेत. ही सूचना आता विश्वस्त मंडळापुढे जाणार आहे. पालकांची काळजी मला पूर्ण समजते. मुलाला पुढे पुण्याला, बंगळूरला शिकायला जायचे असते आणि इंग्रजी कच्चे राहिले तर तिथे ते मागे पडेल ही भीती खोटी नाही. पण ही चूक होते कशी हे आधी नीट पाहू या. त्याशिवाय औषध ठरवता येणार नाही. म्हणून या अंकात इंग्रजीचा पाठ मराठीतून देत आहे. इंग्रजी वाक्ये मुद्दाम नागरी लिपीत छापली आहेत. मुलांनी ती वहीत रोमन लिपीत लिहून काढावीत, तेवढाच सराव होईल.

प्रथम एक हिशोब करू. 'जाणे' हे क्रियापद घ्या आणि वर्तमानकाळातील त्याची रूपे मोजा. मी जातो किंवा जाते, तू जातोस किंवा जातेस, तो जातो, ती जाते, तुम्ही जाता, ते जातात. जातो, जाते, जातोस, जातेस, जाता, जातात अशी सहा वेगवेगळी रूपे झाली. इंग्रजीत किती? 'गो' आणि 'गोज'. फक्त दोन. भूतकाळात तर गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेला, गेली, गेलात, गेल्या अशी मराठीची आठ रूपे होतात, आणि इंग्रजीत सगळ्यांना मिळून एकच 'वेंट'. त्यातही मराठीचे क्रियापद कर्त्याचे लिंग पाहते, वचन पाहते, पुरुष पाहते. इंग्रजीचे क्रियापद लिंगाकडे ढुंकूनही पाहत नाही. हिंदीतही मुलगा 'मैं जाता हूँ' म्हणतो आणि मुलगी 'मैं जाती हूँ'. म्हणजे आपल्या शाळेतले सहा वर्षांचे मूल, जे घरी मराठी आणि मैदानावर हिंदी बोलते, ते इंग्रजीपेक्षा कितीतरी अवघड मेळ रोज न चुकता साधत असते.

मग सोपे ते चुकते का? याची कारणे एकापेक्षा जास्त आहेत.

पहिले कारण त्या 'एस' मध्येच आहे. तिसरीत मूल शिकते की नामाला 'एस' लावला की अनेकवचन होते. 'बॉय' चे 'बॉईज', 'बुक' चे 'बुक्स'. चौथी-पाचवीत त्याच्यापुढे दुसरा 'एस' येतो आणि तो नेमके उलटे काम करतो. क्रियापदाला 'एस' लागला की कर्ता एकवचनी! मुलाच्या मनात 'एस' म्हणजे पुष्कळ हे घट्ट बसलेले असते, म्हणून ते मोठ्या विश्वासाने 'द बॉईज प्लेज' लिहिते. यावर वर्गात आम्ही एक खूण सांगतो. कर्ता आणि क्रियापद या दोघांत मिळून एकच 'एस' आहे, तो कुणातरी एकाने घ्यायचा. 'द बॉय ईट्स', इथे तो क्रियापदाने घेतला. 'द बॉईज ईट', इथे नामाने घेतला, आता क्रियापदाला मिळणार नाही. खूण सोपी आहे आणि पाचवीपर्यंत उत्तम चालते. पण ती सगळीकडे चालत नाही हेही मुलांना तेव्हाच सांगावे. 'चिल्ड्रन' मध्ये 'एस' नाही, तरी ते अनेकवचन आहे, म्हणून 'चिल्ड्रन प्ले'. 'बस' मध्ये शेवटी 'एस' आहे, पण तो तिचा स्वतःचा आहे, अनेकवचनाचा नाही, म्हणून 'द बस स्टॉप्स हिअर'. 'आय' आणि 'यू' या दोघांना तर तो कधीच मिळत नाही.

प्रश्न आणि नकार यांतही हीच खूण उपयोगी पडते. 'ही ईट्स' याचा प्रश्न करताना मदतीला 'डू' येतो आणि तो येताना 'एस' स्वतःकडे घेऊन 'डज' होतो. क्रियापद रिकामे राहते. 'डज ही ईट?', 'ही डज नॉट ईट'. जी मुले 'डज ही ईट्स' लिहितात, त्यांनी एक 'एस' दोनदा वाटला. 'कॅन', 'विल', 'मस्ट' ही मंडळी मात्र 'एस' स्वतःही घेत नाहीत आणि मागच्या क्रियापदालाही घेऊ देत नाहीत.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या कारणाकडे येतो. आमच्या मुलांच्या पुष्कळशा चुका या चुका नाहीतच, ते मराठी व्याकरण आहे. मूल मराठीचा नियम अगदी बरोबर पाळते, पण इंग्रजीच्या वाक्यात.

'अवर टीचर टीच अस' हे वाक्य घ्या. मराठीत आपण 'बाई शिकवते' म्हणत नाही, 'बाई शिकवतात' म्हणतो. बाई एकच असतात, पण क्रियापद अनेकवचनी. हे आदरार्थी बहुवचन. 'बाबा ऑफिसला जातात', 'आजोबा वाचतात', हिंदीत 'पिताजी आते हैं'. हे वळण मुलाच्या जिभेला पहिल्यापासून असते. म्हणून 'माय फादर गो टु ऑफिस' आणि 'माय ग्रँडफादर रीड द पेपर'. गंमत अशी की तीच मुले पुष्कळदा 'माय मदर गोज' बरोबर लिहितात, कारण घरात 'आई जाते' असे एकवचनच असते. एकाच वहीत, एकाच पानावर वडिलांचे वाक्य चूक आणि आईचे बरोबर! शिक्षकाने फक्त लाल खूण केली तर मुलाला वाटते की आपण कुठेतरी 'एस' विसरलो. खरे म्हणजे त्याने वडिलांना मान दिलेला असतो. त्याला एवढेच सांगायचे की इंग्रजीत मान क्रियापदात ठेवत नाहीत. तो 'सर', 'मॅडम', 'मिस्टर' अशा शब्दांत ठेवतात. राष्ट्रपती असोत की शाळेचे शिपाईकाका, 'ही कम्स' हेच रूप.

इथे एक विषयांतर करतो, कारण हुशार मुले हा प्रश्न विचारतात. समोर एकच माणूस असताना 'यू आर' का, 'यू इज' का नाही? उत्तर आपल्या ओळखीचे आहे. काही शतकांपूर्वी इंग्रजीतही 'तू' आणि 'तुम्ही' असे दोन शब्द होते. एका व्यक्तीला, जवळच्याला 'दाउ', आणि त्याचे क्रियापद 'आर्ट'. 'यू' हे अनेकांसाठी होते आणि पुढे एकालाच आदराने बोलवायलाही तेच वापरू लागले, अगदी आपल्या 'तुम्ही' सारखे. हळूहळू सगळे सगळ्यांना 'यू' म्हणू लागले, 'दाउ' व्यवहारातून गेला आणि 'यू' ने आपले जुने अनेकवचनी 'आर' सोबत ठेवले. म्हणजे इंग्रजीतही आदरार्थी बहुवचन होते, त्याची ही एक खूण उरली आहे. तो 'एस' सुद्धा नेहमी असा नव्हता. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये 'गोज' ऐवजी 'गोएथ' असे रूप आहे. 'एस' हा उत्तर इंग्लंडकडच्या बोलीतला, तो पुढे सगळीकडे पसरला. क्रियापदांचे बाकीचे बरेच प्रत्यय झिजून गेले आणि हा एवढा एक राहिला.

आता 'ही हॅव टू सिस्टर्स' पाहू. मराठीत आपण म्हणतो, 'रवीला दोन बहिणी आहेत'. इथे 'आहेत' हे रवीमुळे नाही, बहिणींमुळे आहे. एकच बहीण असती तर 'रवीला एक बहीण आहे' झाले असते. मराठीचे क्रियापद इथे बहिणी मोजते. इंग्रजीत मात्र रवी हा कर्ता होऊन पुढे बसतो आणि क्रियापद फक्त त्याच्याकडे पाहते. 'रवी हॅज वन सिस्टर', 'रवी हॅज फाइव्ह सिस्टर्स'. बहिणी कितीही असोत, 'हॅज' जागचे हलत नाही. उलट 'माझ्याकडे एक पेन आहे' याचे 'आय हॅज अ पेन' होते, कारण पेन एक. कारण तेच, फक्त दिशा उलटी.

'आवडणे' या क्रियापदाचे असेच आहे. 'सीमाला आंबा आवडतो', 'सीमाला आंबे आवडतात'. क्रियापद आंब्यांप्रमाणे बदलले. म्हणून मूल 'सीमा लाइक्स अ मँगो' बरोबर लिहील आणि 'सीमा लाइक मँगोज' चूक लिहील. 'तिने पोळ्या केल्या आहेत' याचे 'शी हॅव मेड चपातीज' होते तेही याच वाटेने. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद आले की कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जाते. रामाने आंबा खाल्ला, रामाने पोळी खाल्ली, रामाने केळे खाल्ले. हा कर्मणी प्रयोग, हिंदीतही 'राम ने रोटी खाई'. इंग्रजीला ही भानगड ठाऊक नाही. तिथे कर्माला क्रियापदावर कसलाही अधिकार नाही.

पालकहो, इथे थोडे थांबून विचार करा. 'इंग्रजीत क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते, कर्माप्रमाणे नाही' हे वाक्य मुलाला कळायचे असेल, तर कर्ता म्हणजे काय आणि कर्म म्हणजे काय हे त्याला आधी माहीत हवे. ते त्याला कुठे कळते? मराठीच्या तासाला, सहावी-सातवीत, जेव्हा बाई विचारतात, 'खाणारा कोण? राम. म्हणून राम कर्ता'. क्रियापदाच्या मूळ धातूला 'णारा' लावून 'कोण' असा प्रश्न विचारायचा, ही युक्ती तुम्हा-आम्हा सर्वांना शाळेत शिकवली गेली. ज्या भाषेत मूल विचार करते त्याच भाषेत हा प्रश्न त्याला सहज विचारता येतो. मराठीचे दोन तास कापून ते इंग्रजी व्याकरणाला दिले, तर ज्या पायरीवर उभे राहून इंग्रजी शिकायचे तीच काढून घेतल्यासारखे होईल, असे माझे स्पष्ट मत आहे. इंदूरच्या मराठी घरांत मागच्या पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून इंग्रजी गिरवले. तिची पद्धतच अशी होती की मराठी वाक्य शेजारी ठेवून इंग्रजी वाक्य बांधायचे. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, आणि इंग्रजीचा मेळ मला समजला तो 'ने' चे हिंदी नियम शेजारी ठेवल्यावरच. आजच्या काळात निव्वळ भाषांतरावर विसंबू नये हे खरे, पण शेजारी ठेवून पाहण्याची ती सवय सोडण्यासारखी नव्हती.

ती 'णारा कोण' ची युक्ती आता इंग्रजी वाक्यावर लावून पाहू. 'द बॉक्स ऑफ मँगोज इज हेवी'. वर्गातली निम्मी मुले इथे 'आर' लिहितात. जड असणारी वस्तू कोणती? पेटी. पेटी एक, म्हणून 'इज'. मुले चुकतात याचे कारण शब्दांचा क्रम आहे. मराठीत 'आंब्यांची पेटी जड आहे' म्हणताना पेटी क्रियापदाकडे सरकते आणि आंबे मागे राहतात. इंग्रजीत पेटी आधी येते आणि आंबे मध्ये येऊन क्रियापदाला चिकटून बसतात. 'वन ऑफ माय फ्रेंड्स इज इल' याचेही तसेच. 'माझ्या मैत्रिणींपैकी एक आजारी आहे', इथे 'एक' क्रियापदाच्या जवळ आहे. इंग्रजीत तो एक वाक्याच्या सुरुवातीला जाऊन बसतो आणि 'फ्रेंड्स' शेजारी येतात. शेजारी कोण बसले आहे हे न पाहता खरा कर्ता शोधायचा. सराव म्हणून 'ऑफ' पासूनचे शब्द पेन्सिलने कंसात टाकावेत आणि उरलेले वाक्य मोठ्याने वाचावे. 'वन इज इल'. कान लगेच साक्ष देतो.

'अलॉंग विथ', 'ॲज वेल ॲज' यांना तर मराठीतच उत्तर तयार आहे. 'राजा प्रधानासह आला' असे आपण म्हणतो, 'आले' नाही, कारण येणारा राजा. प्रधान नुसता सोबत आहे. तसेच 'द किंग, अलॉंग विथ हिज मिनिस्टर्स, इज कमिंग'. मंत्री दहा असले तरी 'इज'.

'एव्हरीवन' या शब्दाने बरीच मुले फसतात, आणि त्यात दोष पाठांतराचा आहे. 'एव्हरीवन म्हणजे सगळे' असे पाठ केले की मनात 'सगळे आले' उमटते आणि हातून 'एव्हरीवन हॅव कम' लिहिले जाते. त्याऐवजी 'एव्हरीवन म्हणजे प्रत्येक जण' असे पाठ करा. 'प्रत्येक जण आला' यात आपोआप एकवचन आहे. 'इच' म्हणजेही प्रत्येक. 'बोथ' म्हणजे दोघे, तिथे 'आर'. बस, एवढे पुरे. 'आयदर-ऑर' आणि 'नायदर-नॉर' यांत क्रियापद आपल्या जवळच्या कर्त्याकडे पाहते, 'नायदर द टीचर नॉर द स्टूडंट्स आर हिअर'. परीक्षेत हा प्रश्न हमखास असतो, बोलण्यात क्वचितच. तेव्हा तो शेवटी शिकला तरी चालेल.

'अँड' ने दोन कर्ते जोडले की अनेकवचन, 'राम अँड श्याम आर'. पण 'ब्रेड अँड बटर इज माय ब्रेकफास्ट'. का? घरात विचारतात, 'वरणभात झाला का?' वरण एक, भात एक, पण ताटात तो एकच पदार्थ. कळले ना!

खाण्याचा विषय निघालाच आहे तर पोह्यांबद्दल लिहिल्याशिवाय इंदूरच्या माणसाला राहवत नाही. घरी आई म्हणते, 'पोहे झाले, या'. अनेकवचन. बाहेर गाडीवाला म्हणतो, 'पोहा तैयार है'. एकवचन. एकाच पदार्थाचे एका गल्लीत दोन वेगळे मेळ, आणि आपले प्रत्येक मूल विचार न करता ते दोन्ही बरोबर बोलते. इंग्रजीत 'पोहा इज रेडी'. याचा अर्थ असा की एखादी गोष्ट एक धरायची की अनेक, हे त्या वस्तूवर नसते, भाषेवर असते. मराठीत 'केस पांढरे झाले', इंग्रजीत 'हिज हेअर इज ग्रे'. मराठीत 'बातम्या लागल्या', इंग्रजीत 'द न्यूज इज ऑन'. 'पैसे संपले', पण 'द मनी इज फिनिश्ड'. उलट आपली कात्री एक, चष्मा एक, आणि इंग्रजीत 'सिझर्स आर', 'स्पेक्टॅकल्स आर', कारण त्यांना त्यात दोन पाती आणि दोन भिंगे दिसतात. 'फर्निचर', 'इन्फर्मेशन', 'लगेज', 'होमवर्क', 'ॲडव्हाइस' यांना 'एस' लावायचाच नाही आणि क्रियापद नेहमी एकवचनी. 'मॅथेमॅटिक्स' आणि 'फिजिक्स' यांचा शेवट 'एस' ने होतो, पण विषय एकच, म्हणून 'मॅथेमॅटिक्स इज'. 'पोलीस' आणि 'पीपल' यांना 'आर'. 'पाचशे रुपये पुरतील' हे आपले अनेकवचन, पण 'फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ', कारण तिथे नोटा मोजत नाहीत, रक्कम एक धरतात. या शब्दांना नियम नाही, ते वापरून वापरून अंगवळणी पडतात. पालकांना घरी मदत करायची असेल तर या शब्दांची एक यादी फ्रिजवर लावावी, तेवढे पुष्कळ झाले.

आता घरी इंग्रजी सुरू करण्याच्या विचाराबद्दल. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राऊन यांनी तीन अमेरिकी मुलांचे बोलणे लहानपणापासून टिपून त्यावर १९७३ मध्ये ग्रंथ लिहिला. इंग्रजीतील १४ बारीक रूपे मुले कोणत्या क्रमाने आत्मसात करतात हे त्यांनी पाहिले. अनेकवचनाचा 'एस' चौथ्या क्रमांकावर आला आणि क्रियापदाचा हा 'एस' दहाव्या. उच्चार दोन्हींचा सारखाच, तरीही. ज्यांच्या आईची भाषाच इंग्रजी आहे त्यांना जो 'एस' उशिरा येतो, तो आपल्या मुलांना उशिरा आला तर घरातल्या मराठीला दोष कसा देता येईल? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असेच म्हटले आहे. आणि एक व्यवहाराची गोष्ट. ज्या घरात आई-वडिलांचे इंग्रजी अडखळते तिथे मूल इंग्रजी शिकत नाही, अडखळणे शिकते. आणि आजीशी बोलणे बंद होते ते वेगळेच.

मला खरी काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. आपल्या आठवीच्या वर्गांत काही मुले अशी आहेत की इंग्रजीच्या तासाला तोंडच उघडत नाहीत. पाचवीत ती बोलत होती. मधल्या तीन वर्षांत प्रत्येक वाक्यावर कुणीतरी त्यांना थांबवले. 'गो नाही, गोज!' मूल काय सांगत होते ते राहिले बाजूला. असे दहा वेळा झाले की अकराव्या वेळी मूल गप्प बसते आणि गप्प बसलेल्या मुलाचा 'एस' कुणालाच सुधारता येत नाही. म्हणून शिक्षकांशी बोलून आम्ही या सत्रापासून दोन गोष्टी ठरवल्या आहेत. मूल बोलत असताना त्याला मध्ये तोडायचे नाही. ते म्हणाले 'माय फादर गो टु देवास', तर बाईंनी सहज म्हणायचे, 'ओह, युवर फादर गोज टु देवास! एव्हरी डे?' मूल ते ऐकते आणि पुढचे वाक्य बोलते. लेखी कामात मात्र सूट नाही, पण एका पंधरवड्यात एकाच प्रकारच्या चुकीवर खूण करायची. या पंधरवड्यात आदरार्थी बहुवचनाची, पुढच्या पंधरवड्यात 'हॅव-हॅज' ची. पान लाल झाले की मूल काहीच वाचत नाही, हे प्रत्येक शिक्षकाला अनुभवाने माहीत असते.

पालकांना विनंती की वही पाहून 'एवढ्या चुका राहिल्या, बाईंनी तपासल्याच नाहीत' अशी तक्रार लगेच करू नये. विश्वस्त मंडळाला विनंती की मराठीचे तास आहेत तसे ठेवावेत आणि ज्या रकमेत नवीन व्याकरणाच्या सराव-पुस्तिका घ्यायचा विचार आहे, त्यात वर्ग-ग्रंथालयासाठी सोप्या इंग्रजी गोष्टींची पुस्तके घ्यावीत. 'रेन आणि मार्टिन' प्रत्येक वर्गात आहेच. त्यातले रेन हे आपल्याकडे शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि 'बो जेस्ट' नावाची १९२४ ची त्यांची साहसकथा एके काळी जगभर गाजली. व्याकरण लिहिणारा माणूस गोष्टही लिहीत होता, हे मुलांना सांगितले की त्यांना नवल वाटते. गोष्टीच्या पुस्तकात 'ही सेज', 'शी रन्स' शंभर वेळा डोळ्यांखालून जाते. व्याकरणाच्या पुस्तकात ते दहा वेळा येते, आणि तेही रिकाम्या जागेच्या रूपात.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमचे काम. पुढील वाक्ये इंग्रजीत करा आणि प्रत्येकापुढे मराठीत कारण लिहा. कारणाशिवाय गुण नाहीत.

आजोबा रोज फिरायला जातात. माझ्या काकांना तीन मुलगे आहेत. तिला जिलब्या आवडतात. फुलांची टोपली ताईजवळ आहे. प्रत्येक जण तयार आहे. आमच्या बाई बस पकडतात का? त्याचे केस काळे आहेत. आईने लाडू केले आहेत. मुख्याध्यापक शिक्षकांसह येत आहेत. टेबलावर दोन चष्मे आहेत.

शेवटच्या वाक्यात एक गाठ आहे. इंग्रजीत वाक्य 'देअर' ने सुरू होईल, कर्ता क्रियापदाच्या नंतर येईल, म्हणून क्रियापद लिहिण्याआधी पुढे डोकावून पाहावे लागेल. शिवाय चष्मा एक असला तरी 'आर', मग दोन चष्मे आहेत हे सांगायचे कसे? 'पेअर्स' या शब्दाचा विचार करा. उत्तरे येत्या शनिवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावीत. ज्यांना शंका असेल त्यांनी मधल्या सुट्टीत माझ्याकडे यावे, दार उघडे असते.